गाठोड्यात आलेले दप्तर

परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे आमचे पिंगळी हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होते, आणि त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या जमिनींची कैफियत उर्दूत, कारकुनांच्या घाईच्या अक्षरांत लिहिलेली आहे, ही गोष्ट आमच्या पिढीने कधी फारशी मनावर घेतली नव्हती. पुढे 2023 मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ज्या कागदांची विचारपूस आजवर वाळवीखेरीज कोणी केली नव्हती त्यांना अकस्मात प्रतिष्ठा लाभली. आमच्या कुटुंबातही कागद एकत्र करण्याचे ठरले. सेवानिवृत्त मनुष्याजवळ वेळच वेळ असतो, या सर्वमान्य समजुतीस अनुसरून ते काम माझ्याकडे आले.

कागद मात्र आले नाहीत. आल्या त्यांच्या फाईली, आणि त्याही तीन तऱ्हांच्या. पुण्याच्या पुतण्याने खासरा पत्रकांची छायाचित्रे मॅकवर झिप करून धाडली. हैदराबादेच्या मेहुण्यांनी, जे उर्दू सहज वाचतात, त्या पत्रकांचे मराठी लिप्यंतर रार फाईलमध्ये पाठविले. आणि लिनक्सखेरीज दुसरे काही न मानणाऱ्या नातीने फेरफारांच्या प्रती टार-जीझेड करून दिल्या. माझ्या टेबलावर होता तो विंडोज 10 चा जुना संगणक, ज्याला यांपैकी केवळ झिप आपणहून उघडता येत होती.

ती उघडली खरी. पण पुतण्याने हौसेने देवनागरीत दिलेल्या नावांच्या जागी चौकटी, स्वरचिन्हे आणि कसलीशी ग्रीक अक्षरे अवतरली, आणि सोबत आणखी एक फोल्डर निघाले, ज्यात प्रत्येक छायाचित्राची न उघडणारी जुळी प्रत होती. ही जुळी प्रत म्हणजे मॅकने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली टिपणे असतात व ती खुशाल पुसून टाकावीत, एवढे कळल्यावर अर्धे भय सरले. नावांचे दुखणे मात्र जुने आहे: झिपचा नमुना अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये सिद्ध केला तेव्हा फाईलचे नाव इंग्रजीबाहेर फारसे जाईल अशी कल्पनाच नव्हती; नाव युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण त्या नमुन्यात 2006 मध्ये आली, आणि आजही ती लावण्याची तसदी प्रत्येक यंत्र घेतेच असे नाही. आतली चित्रे सुदैवाने शाबूत होती. कॅट्झ 2000 साली अल्पवयातच वारले. परंतु आपल्या नमुन्याचे नियम त्यांनी आरंभीच सर्वांना खुले केले होते, म्हणूनच त्यांची झिप आज फोनपासून तहसिलीच्या संगणकापर्यंत सर्वत्र उघडते.

रारसाठी इगोर पावलोव यांची 1999 पासून फुकट मिळणारी सेव्हन-झिप उतरवून घ्यावी लागली. विंडोजने स्वतः रार उघडण्याची तजवीज केली ती 2023 मध्ये, आणि तीही अकराव्या आवृत्तीत. या लिप्यंतराची फाईल इतकी चिमुकली होती की काही गहाळ झाले असावे असा संशय आला. खातरजमा केली तेव्हा उलगडा झाला. झिव्ह आणि लेम्पेल या हैफाच्या दोन संशोधकांनी 1977 मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे, एकदा आलेला मजकूर पुन्हा न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा, तिथून इतकी उचल' एवढाच निर्देश ठेवतात. आणि आमच्या कागदांत तर 'मौजे पिंगळी, तालुका परभणी' प्रत्येक पानावर. छायाचित्रे मूळचीच आकसलेली असल्याने झिप करूनही जवळजवळ तेवढीच राहिली होती.

नातीची फाईल आमच्या गावच्या नेटवर्कमुळे अर्ध्यावरच तुटली, आणि मी तिची आशा सोडली, पण तिने फोनवरून आज्ञा सांगितली, ती मी अक्षर अक्षर टंकून दिली (विंडोज 10 मध्ये टारची सोय 2018 पासूनच आहे, हे मला कोण सांगणार!), आणि आरंभीची पाने एकेक करून बाहेर पडली. टार म्हणजे पेशवे दप्तरातल्या रुमालासारखे नुसते बांधणे. प्रत्येक कागदाची नोंद त्या कागदाच्याच आधी असते, म्हणून तुटेपर्यंतचे हाती लागते. झिपची यादी मात्र सर्वांत शेवटी असते. शेपूट तुटले की सारी फाईलच बिघडलेली ठरते, आणि आतले काढायला निराळी खटपट करावी लागते.

आमच्यासारख्या खेड्यात कोणी जुने दस्तऐवज पाठवीत असेल, तर त्याने साधी झिप करावी, फाईलींची नावे गट क्रमांक आणि सालासह इंग्रजी अक्षरांत द्यावीत, आणि एकच अजस्र फाईल करण्याऐवजी तिचे लहान लहान भाग पाडावेत, एवढी माझी विनंती आहे.