बाटलीतला बाण

परवा धाकट्या चिरंजिवांनी बाटलीत बाण उभा केला आणि मी ओरडलोच, "अरे, बाटली सरळ ठेव!" लहानपणी माझी अशीच एक बाटली कलंडली होती आणि शेजारच्या काकूंची कडब्याची गंजी पेटली होती. बाण तोच, दारूही तीच. बाटली तेवढी कलली!

वर्गात मी स्पुटनिकची गोष्ट मोठ्या रंगात येऊन सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७, ८३.६ किलोंचा तो गोळा! यंदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, तो बाण मुळात कशासाठी केला होता?" खरे ते सांगावे लागले. कोरोलेव्हचे आर-७ हे रॉकेट हायड्रोजन बॉम्ब अमेरिकेपर्यंत पोचवण्यासाठी बांधलेले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला ते पहिल्यांदा दूरवर गेले आणि सहा आठवड्यांनी टोकावर बॉम्बऐवजी गोळा चढला. वेग सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर झाला, की वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहते. थोडा कमी पडला, की कुणाच्या तरी गावावर उतरते.

"मग ते चांगलं की वाईट, गुरुजी?"

तेवढ्यात घंटा झाली. मास्तर असूनही मला हायसे वाटले.

चिरंजिवांनी बाटलीभोवती वाळू रचली. काकू ओट्यावरून पाहत होत्या. चकल्यांच्या ताटाबरोबर त्या दर दिवाळीला गंजीची आठवणही धाडतात.