एपी लँग घेणाऱ्या आपल्या मुलांसाठी (आणि त्यांच्या आईबाबांसाठीही)



इथे अमेरिकेत शाळा सुरू होतायत. अकरावीत जाणाऱ्या बऱ्याच मुलांनी यंदा एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन घेतलं असेल. मी सीए आहे, इंग्रजीची शिक्षिका नव्हे. पण लेकीचं गेलं वर्ष जवळून पाहिलंय, म्हणून चार गोष्टी लिहिते. मुलांनाही वाचून दाखवा.

१. पहिल्या मार्कांनी खचू नका. दहावीपर्यंत इंग्रजीत कायम ए आणणाऱ्या माझ्या लेकीला पहिल्या निबंधात ६ पैकी २ मिळाले. दोन दिवस ती धड जेवली नाही. मग म्हणाली, "आई, मला चांगलं लिहिता येतं असं वाटायचं गं." पोटात तुटलं माझ्या. बाळांनो, ते मार्क त्या कागदाचे असतात, तुमचे नाही. आजवर लेखक काय म्हणतो ते सांगितलं की भागायचं. आता तो ते कसं म्हणतो आणि तसंच का म्हणतो, हे विचारतात. हे नवं काम आहे, त्याला वेळ लागणारच.

२. मार्क कुठे आहेत ते आधी बघा. मे महिन्यातल्या परीक्षेत तीन निबंध असतात: सिंथेसिस, र्‍हेटॉरिकल अ‍ॅनालिसिस आणि आर्ग्युमेंट. प्रत्येकी ६ मार्क. १ थीसिसचा, ४ पुरावा आणि त्यावरच्या भाष्याचे, १ विचाराच्या खोलीचा. त्या शेवटच्या एका मार्कासाठी जड जड शब्द पेरत बसू नका. चार मार्क मधे आहेत, जीव तिथे ओता.

३. भाष्य म्हणजे काय? आमच्या भाषेत सांगते. पुरावा म्हणजे व्हाउचर. नुसतं व्हाउचर फाइलला लावून चालत नाही, नोंदीखाली नॅरेशन लिहावं लागतं: ही रक्कम इथे का आली? तसंच "लेखकाने इथे दाखला दिला आहे" हे झालं व्हाउचर. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं, ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होतं. म्हणून ते संत पॉल, संत ऑगस्टीन यांचे दाखले देतात. समोरच्याला नाकारताच येऊ नयेत असे! हे झालं नॅरेशन. प्रत्येक पुराव्यानंतर स्वतःला विचारा, "बरं, मग?"

४. वेळेचा हिशेब ठेवा. तीन निबंधांना मिळून २ तास १५ मिनिटं, त्यातली १५ वाचनाची. म्हणजे प्रत्येकी ४० मिनिटं. पहिली पाच मिनिटं आराखड्याला द्याच. आणि शिक्षकांनी तपासून दिलेला निबंध बॅगेत कोंबू नका. त्यातला एकच परिच्छेद पुन्हा लिहा. लेकीची गाडी यानेच रुळावर आली. एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल, पण परीक्षेत तुम्ही एकटेच असणार.

आता आईबाबांसाठी. आर्ग्युमेंट निबंधात मुलाचं स्वतःचं मत लागतं, आणि आपल्या घरांत "उलट बोलू नकोस" हे आपण सहज म्हणून जातो. ज्या मुलाला जेवणाच्या टेबलावर मत मांडता येत नाही, ते कागदावर कुठून येणार?

माझ्या लेकीने वसंतात एक निबंध लिहिला: 'आधी सुरक्षित नोकरी, मग आवड' हा सल्ला चुकीचा का आहे. पुरावा कोण? मी! टॅक्स सीझनमध्ये रात्री अकराला लॅपटॉप मिटणारी, आणि पेटी माळ्यावर ठेवून दिलेली तिची आई. वाचून मी बराच वेळ गप्प होते. तिचं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही; त्याच नोकरीवर हे घर उभं आहे. तेही तिला सांगितलं. पण एक ओळही बदलायला लावली नाही. व्हाउचर खरं होतं आणि नॅरेशन पक्कं.

तिने मग माझा मुद्दा विरोधी बाजू म्हणून निबंधात घातला आणि तो खोडूनही काढला. मार्क विचाराल तर, ६ पैकी ५.

सगळ्या मुलांना खूप शुभेच्छा. लिहा रे बिनधास्त!