हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांची दोन कामं ठरलेली. एक, हयातीचा दाखला द्यायचा. दुसरं, अठरा तारखेला सकाळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जायचं. बोलावणं कुणाचं नसतं आणि कार्यक्रमही नसतो. मुख्य इमारतीसमोर, महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून थोडं बाजूला सावली बघून आम्ही दहाबारा जण टेकतो. थर्मासमधला चहा, कागदात बांधलेली भजी, आणि एक रेक्झिनची पिशवी. पिशवीत पैसे असतात.

दिवाळी सरलेली असते. हायवेनं उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या असतात. माळावरचं गवत पिवळं पडत आलेलं, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं, आणि मधूनच मोराची ओरड. परगावचा माणूस दचकतो, आम्ही मान वळवत नाही. 853 एकरांचा हा परिसर. सागरमाळ म्हणजे नावाप्रमाणे माळच होता, असं आमच्याआधीची माणसं सांगायची. आता मुख्य इमारतीचा घुमट सोडला तर झाडीतून लांबवरची इमारत धड दिसत नाही.

18 नोव्हेंबर 1962 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तिकडे चीनचं युद्ध पेटलेलं. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. असल्या दिवसांत कोल्हापुरात विद्यापीठ निघालं, आणि पहिले कुलगुरू झाले डॉ. आप्पासाहेब पवार.

मी नोकरीला लागलो तेव्हा साहेब खुर्चीवरून उतरून बरीच वर्षं झाली होती. पण हेडक्लार्कांच्या तोंडी ‘साहेब’ म्हणजे तेच. मधले कुलगुरू आडनावानं ओळखले जायचे. माणूस मुळात इतिहासाचा. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ त्यांनी संपादित केली. जुना कागद वाचणाऱ्याला एक कळत असावं, असं मला उगीचच वाटतं, की कागदावर उतरतं त्यापेक्षा माणूस बराच जास्त असतो. मी तीस वर्षं कागदच हाताळले, पण मला ते पेन्शनीत आल्यावर कळलं.

साहेबांचं नाव आज जिथं खऱ्या अर्थानं वापरात आहे ते ठिकाण म्हणजे विद्यार्थी भवन. ‘कमवा आणि शिका’ची मुलं तिथं राहतात. रोज काही तास काम करायचं, उरलेल्या वेळात शिकायचं. आमच्या टेबलाशेजारी अशी कितीतरी मुलं येऊन गेली. फायली लावायची, टपाल फिरवायची, आणि चार वाजता वर्गात जाऊन बसायची. त्यांना कुणी ‘गरीब विद्यार्थी’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. ‘कमवा-शिकाचा पोरगा’ म्हणायचे, आणि त्यात काम चोख असणार हे गृहीत असायचं. कोल्हापुरात ही रीत तशी जुनीच. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जातीजातीची वसतिगृहं उभी राहिली. पण तिथं हात राजाचा होता. इथं मुलाचे स्वतःचे हात होते.

आमच्या पिशवीचा घोळ इथंच होतो. महिन्याला पेन्शनीतले पाचशे-हजार बाजूला काढायचे, वर्षाला दोन-तीन मुलांची फी आणि मेस भागवायची, इतकाच मामला. भांडण द्यायचं कसं यावरून. गेल्या वर्षी एकानं ठराव मांडला की उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शिफारसपत्र, सगळं घ्यावं. जन्म अकाउंट्समध्ये गेलेला माणूस. दुसऱ्याला फोटोसह छोटासा समारंभ हवा होता. तेवढ्यात ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, “त्या पोरांनी गरीब असल्याचा पुरावा आणायचा आणि आपण जिवंत असल्याचा. तुम्हाला तरी बरं वाटतं का बँकेत?”

सगळे भज्यांकडे बघत बसले.

बाईंना स्वतःच्या पेन्शनशिवाय यजमानांचं कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. ते पोस्टात होते. त्या पेन्शनीसाठीचा हयातीचा दाखला आता यंत्रावर बोट टेकवून द्यायचा, आणि बाईंचं बोट यंत्राला दिसत नाही. उभी हयात पुस्तकांची कार्डं चाळण्यात गेली, वरच्या रेषाच गुळगुळीत झाल्या. केंद्रावर चारदा बोट पुसून झालं, लिंबू चोळून झालं. यंत्र आपलं नाहीच म्हणतंय.

यंदा पिशवीतले पैसे ज्या मुलीला द्यायचे होते ती जत तालुक्यातली. एमएस्सीला आहे. कागद काही मागितले नव्हते. एका प्राध्यापकांनी नाव सांगितलं, तेवढ्यावर भागवलं. ती आली, लांबच उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. पाकीट हातात घेताना तिची मान खाली गेली, आणि मला ते पाकीट एकदम जड वाटलं.

बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. “आधी माझं एक काम कर गं,” म्हणून मोबाइल तिच्या हातात दिला. “बोट राहू दे, तोंडावरनं होतंय म्हणे.”

मुलीनं पाकीट गवतावर ठेवलं. उडू नये म्हणून वर थर्मासचं झाकण ठेवलं. मग बाईंचा चष्मा काढून स्वतःच्या मांडीवर घेतला, त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उजेडाकडं वळवलं.

“आजी, हलू नका. आता पापणी मिटा. उघडा. हळू ओ, एवढी घाई नको.”

“अगं, मिटली की.”

“दोन्ही डोळ्यांची एकदम मिटा की.”

आम्ही सगळे नकळत आपापल्या पापण्या मिटत-उघडत होतो. तिसऱ्या खेपेला मोबाइल वाजला. मुलगी हसली आणि आमच्याकडं वळून, कार्यालयातल्या माणसासारखं, म्हणाली, “झालं. अजून कुणाचं आहे?”

अकाउंट्सवाले सरकून पुढं आले.