ढेप, चुनी आणि मिक्सर

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात पशुखाद्याचं युनिट टाकायचं म्हणणारा भेटला, की त्याच्या मोबाइलमध्ये अहमदाबादच्या नाहीतर राजकोटच्या मशीनचा फोटो आधीच असतो. 'हे कसं राहील?' मी विचारतो, मिसळणार काय? सरकीची ढेप, तूर चुनी, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, मीठ, खनिज मिश्रण, वरून मळी. म्हणजे भरड, हलकं, बारीक, जड आणि चिकट, सगळं एकाच पोटात. ते मशीन कोणत्या मालासाठी बनलंय, हे फोटोत दिसत नाही.

•

मशीन लिटरवर विकतात, खाद्य किलोवर विकलं जातं. पहिला घोटाळा इथेच. मिसळलेलं भरड खाद्य लिटरला साधारण अर्धा किलो भरतं. कोंडा जास्त असेल तर त्याहून कमी. त्यात रिबन मिक्सर काठोकाठ भरायचा नसतो; साठ टक्क्यांच्या आसपास भरला तरच वरचा माल खाली येतो. हिशेब करा: 500 लिटरचं मशीन, कामाचे 300 लिटर, माल 150 किलो. घेणारा समजतो पाच क्विंटल. घरची बादली घेऊन स्वतःच्या मालाचं लिटरमागे वजन काढायला दहा मिनिटं लागतात, पण ते न करता लोक लाखांचा चेक फाडतात.

•

आणि पाच क्विंटल हवेत कुणाला? दिवसाला दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईला पाचेक किलो खुराक धरला तर 500 किलोची एक खेप शंभर गाईंची एका दिवसाची सोय. आर्वी, आष्टी, कारंजा हा तर गवळाऊ गाईंचा मुलूख. हेटीकुंडीचं सरकारी प्रक्षेत्र त्याच जातीसाठी. गवळाऊ दूध कमी देते, कुटार-कडब्यावर निभावते, तिच्यासाठी कुणी रोज कट्टा उचलणार नाही. गिऱ्हाईक मोजावं, मग मशीन. अनुदान आणि व्याजसवलतीच्या योजनांमुळे नेमकं उलटं होतं: कर्ज मिळतंय म्हणून एक नंबर मोठं मशीन घेतलं जातं आणि ते रोज अर्धं रिकामं फिरतं. अर्धं रिकामं म्हणजे नुसतं भांडवल अडकणं नव्हे. पट्ट्या मालात पुरेशा बुडाल्या नाहीत तर मिसळणंही बिघडतं.

•

उभा स्क्रू मिक्सर: मधला स्क्रू माल खालून वर उचलतो, वरून तो कडेने उतरतो. स्वस्त, जागा कमी. वेळ पंधरा मिनिटांच्या घरात. मळी टाकली की स्क्रूला गोळे धरतात. बुडाशी कालचा माल थोडा राहतोच.

आडवा रिबन: अर्धगोल बुडाच्या हौदात दुहेरी पट्टी. बाहेरची माल मध्याकडे ओढते, आतली टोकांकडे ढकलते. चार-पाच मिनिटांत काम होतं, मळीची फवारणीही चालते. मोटर मात्र मोठी लागते.

माझं मत: मळी वापरायची नसेल तर उभाच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. व्ही आकाराचे आणि दुहेरी शंकूचे मिक्सर सुट्या वाहत्या भुकटीसाठी, औषधवाल्यांकडे शोभतात. ढेपेच्या चुऱ्याला कशाला?

•

इथल्या संत्रा बागायतदाराला मिसळण्याचं हे शास्त्र नवं नाही. डिंक्या रोगावर बोर्डो मिश्रण करतो ना: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे कालवायचे, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लोखंडी भांडं वर्ज्य. एकत्र ओतताना ढवळणं थांबवायचं नाही. शेवटी घासलेला विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. क्रम, भांड्याचा धातू, तयार मालाची तपासणी, तिन्ही त्याच्या हातात बसलेलं असतं. कारखाना टाकताना हाच माणूस तिन्ही विसरून विक्रेत्याला विचारतो, 'रंग कोणता येईल?'

•

क्रमाविषयी. ढेप, भरडा, कोंडा आधी. खनिज मिश्रण दोन टक्के धरलं तर 500 किलोत 10 किलो. ते थेट ओतू नये. आधी 40-50 किलो कोंड्यात वेगळं कालवावं, मग मोठ्या खेपेत सोडावं. मळी सर्वांत शेवटी. युरियाचा मोह असेल तर जास्तच सांभाळा. खेपेचा सरासरी आकडा कागदावर बरोबर असतो, पण न फुटलेला खडा एकाच गाईच्या गव्हाणीत जातो, आणि युरियाच्या विषबाधेत जनावर तासा-दोन तासांतही जाऊ शकतं.

•

वीज. खेप भरलेली, मिक्सर फिरतोय आणि लाइट गेली. परत आली तेव्हा पट्ट्यांवर बसलेल्या मालासकट मोटरला उठायचं असतं. बेल्ट घसरतो, मोटर तापते, शेवटी दोन गडी फावड्याने हौद उपसतात. विक्रेत्याला एकच विचारा: भरलेला सुरू होतो का? आणि ते समोर करून दाखवायला लावा, तुमच्याच मालावर. चार कट्टे टेम्पोत टाकून नेण्याचा खर्च काहीच नाही.

•

संत्र्याचा रस किंवा मार्मलेड करणाऱ्यांचं गणित वेगळं. रस आंबट, तिथे साधं लोखंड नको; 304 स्टील किमान, 316 अधिक चांगलं. पातळ रसाला प्रोपेलर पुरतो, पण टाकीच्या भिंतीवर प्रवाहाला आडव्या येणाऱ्या उभ्या पट्ट्या नसतील तर रस नुसता गोल फिरतो, मिसळत नाही. घट्ट मार्मलेडला भिंत खरवडणारा अँकर हवा, नाहीतर बुडाशी करपतं. 'वेग वाढवू' हे सगळ्यांचं औषध, पण खळाळत्या पातळ द्रवात पात्याचे फेरे दुप्पट केले की वीज आठपट लागते. आणि काढून ठेवलेला नागपुरी संत्र्याचा रस कडवट होतो तो लिमोनिनमुळे. त्याचं खापर मिक्सरवर फोडू नये.

•

वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, कुमारप्पा त्याचे कर्ते. आज तिथेच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. अहमदाबादचं तिकीट काढण्याआधी तिथे एक चक्कर मारायला काय हरकत? आपल्या जिल्ह्यातलं असलं की आपल्याला ते दिसत नाही.

•

मिसळलं का, हे डोळ्यांनी कळत नाही. मीठ साक्षीदार म्हणून बरं. एका खेपेतून दहा ठिकाणचे नमुने घ्यायचे, प्रत्येकातलं मीठ तपासायचं. आकड्यांतला फरक सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिक्सर पास. नमुने हौदातून नकोत, शिवलेल्या कट्ट्यांतून घ्या. कारण हौदात जमलेलं पुढे मोडतं. उंचावरून पडताना ढीग होतो, भरड कडेला घरंगळतं, बारीक मध्ये बसतं. टेम्पोच्या हादऱ्यांनी बारीक आणखी खाली जातं. आष्टीला पोचलेल्या कट्ट्याच्या तळाशी मीठ, वर कोंडा. त्यावर गोळी पेंड हा पक्का उपाय, पण ते दुसरं मशीन आणि दुसरं कर्ज. तोवर पडण्याची उंची कमी करावी, भरडा सारख्या जाडीचा दळावा.

•

जुनं मशीन मिळत असेल तर रंगाकडे बघू नका. मेन स्विच काढून झाकण उघडा, पट्टी आणि हौद यांच्यातली फट बघा. चार-पाच मिलिमीटर ठीक. दोन बोटं सहज जात असतील तर बुडाचा तेवढा थर कधी हलणारच नाही. भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.