जामिनानंतरची शाळा

निरीक्षणगृहातल्या वर्गाचा पट रोज बदलतो. काल अपूर्णांक सोडवत बसलेला मुलगा आज जामिनावर घरी गेलेला असतो. त्याच्या जागी रात्री उशिरा आणलेला, झोपही न झालेला नवा मुलगा बसलेला असतो. २०१५च्या बालन्याय कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलासाठी जामीन हाच नियम ठरवला आहे, आणि ते योग्यच आहे. पण समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी इथे शिकवायला आले तेव्हा एकच प्रश्न होता : उद्या नसणाऱ्या मुलाला आज शिकवायचं काय?

मग पाठच तसे बसवले, एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत पुरे होणारे. अर्ज लिहायचा, बँकेची स्लिप भरायची, पगाराच्या पावतीत किती कापले ते शोधायचं. गॅरेजमध्ये राबलेला एक मुलगा सुट्या भागांचा हिशेब तोंडी बिनचूक करायचा. कागदावर भागाकार मांडायचा म्हटलं की त्याचा हात अडायचा. त्याचेच हिशेब मी फळ्यावर मांडले. “ताई, हे तर मी रोज करायचो,” तो म्हणाला. नववीत शाळा सुटल्यापासून आपल्याला गणित येतच नाही, असं तो धरून चालला होता.

परिविक्षा अधिकारी मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. त्यांना मी हे आवर्जून सांगितलं. बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात. गुन्ह्याच्या कागदांपलीकडचा मुलगा त्या तिघांना दिसतो तो या अहवालातून. ‘अभ्यासात रस नाही’ एवढं लिहून भागत नाही.

मुलगा जामिनावर सुटला आणि माझं खरं काम सुरू झालं. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म हवा, आणि फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्या आईबरोबर मी जुन्या शाळेत गेले. लिपिकांनी जनरल रजिस्टर काढलं. “इतका उशीर? मधे कुठं होता पोरगा?” आई माझ्याकडे बघायला लागली. मुलाची गोपनीयता जपणं हे कायद्यानंच घालून दिलेलं तत्त्व आहे. “गॅरेजमध्ये काम करत होता. आता परीक्षेला बसायचंय त्याला,” मी म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दाखला मिळाला.

फाटकाबाहेर आल्यावर आईनं विचारलं, “मॅडम, पुढं नोकरीला हे आडवं येईल का हो?” मी तिला कलम २४ आणि ७४ समजावून सांगितली. या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला कसलीही अपात्रता चिकटत नाही, आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला, तर गोष्ट वेगळी. याच्या बाबतीत तसं नव्हतं. एवढी मोलाची तरतूद कितीतरी घरांपर्यंत पोचतच नाही. ती पोचवणं हेही मी शिक्षणच मानते.

मुलगा परीक्षेला बसला. गणितात पास झाला. इंग्रजी राहिलं होतं, ते पुरवणी परीक्षेत सुटलं.

समाजकार्याच्या आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना मी सांगते, हे क्षेत्र करिअर म्हणून निवडा. इथे अध्यापन लागतं, कायदा लागतो, आणि वस्तीतल्या घरात जाऊन बसायची तयारी लागते. पण चांगली माणसं इथे टिकायची, तर नेमणुकाही तशा हव्यात. कंत्राट संपलं की शिक्षक बदलतो, आणि मुलाला आपली सगळी हकिगत नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. निरीक्षणगृहाच्या शिक्षकाची नेमणूक कायम असावी. त्याच्या कामात गृहभेटी, दाखले, परीक्षेचे फॉर्म हे सगळं लेखी धरावं. त्यासाठी वेळ आणि प्रवासखर्च द्यावा. मूल लवकर घरी जावं हाच कायद्याचा हेतू आहे, तर त्याच्या शिक्षकालाही त्याच्या घरापर्यंत जाता आलं पाहिजे.