गिरण्यांच्या गावातला वामन

एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूरचे रस्ते ओस पडतात आणि वाचनालयात पंख्याखालची जागा मिळत नाही. अशा दुपारी इथल्या कितीतरी जणांनी खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर वाचले. त्यांच्याविषयीची मतं एव्हाना ठरून गेली आहेत. कुणी म्हणतं, माणसं पुसट आहेत, गोष्ट थांबवून शिकवणी सुरू होते. कुणी म्हणतं, आभाळाकडे बघायला आम्हाला यांनीच शिकवलं. मला दोन्ही पटतं. तरी या दोन्ही मतांत सोलापूर कुठे दिसत नाही.

ते मला दिसलं त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीच्या एका जीर्ण प्रतीत. जमिनीच्या पोटात दडलेल्या एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून वामन हा यंत्रमानव घडतो. तो स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवू लागला, तर माणसाचं काय, हा कादंबरीचा गाभा. नेमक्या त्या भागाशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने दुहेरी रेघ ओढून लिहिलं होतं, की हातमाग गेले तेव्हा हे आमच्या घरात घडून गेलंय. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर होतं: यंत्रमागानेच पुढे आमचं घर चालवलं.

एवढा नेमका अभिप्राय मी कुठल्याच परीक्षणात वाचलेला नाही. या शहराने हातमागानंतर यंत्रमाग पाहिले, लक्ष्मी-विष्णूसारखी मोठी गिरणी बंद पडताना पाहिली. शहराच्या पूर्वभागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मुलं मराठी शाळेत शिकली आणि मराठी कादंबऱ्या वाचू लागली. त्यांच्यासाठी वामन भविष्यातून आलेला नव्हताच. तो शेजारच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करत होता. लेखकाने पुसट ठेवलेली माणसं या वाचकांनी आपल्या घरातल्या माणसांनी भरून काढली.

वाचकाचं खरं मत नारळीकरांना हवंच असायचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. कथेला आपल्या नावाचा टेकू नको होता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

२० मे २०२५ रोजी ते गेले. आता यंत्रं लिहूही लागली आहेत, आणि वामनाचा प्रश्न मागावरून टेबलापर्यंत आला आहे. म्हणून कादंबरी आवडली की नाही, एवढ्यावर आपण थांबू नये. तिच्यातलं आपल्या घरात काय घडलं, हे वाचकाने सांगावं. ते सोलापूरकराला जितकं सांगता येईल, तितकं फार थोड्यांना येईल.