कपाटातील शहर

शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके असावीत, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. सेवाग्रामसारख्या गावी तर तो अधिकच अवघड होतो. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले, ते खेड्याची सेवा करण्यासाठी. मग येथील मुलांच्या हाती शहराच्या कथा कशाला द्यावयाच्या, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. चाळींतील भांडणे, झोपडपट्टीतील दैन्य, नाक्यावरची रांगडी भाषा यांचा कोवळ्या मनांवर काय परिणाम होईल, ही त्यांची चिंता. ती मी क्षुल्लक मानीत नाही.

परंतु शहर आपल्यापासून दूर आहे, हेच मुळी खरे नाही. दरवर्षी गावातील कितीतरी तरुण सेवाग्राम स्थानकावर गाडीत बसतात आणि पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना त्या शहराची ओळख कोणी करून द्यावी?

अण्णा भाऊ साठे यांनी ती करून दिली आहे. वाटेगावचा हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईस गेला आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्याने लेखन केले. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा कामासाठी मुंबईस येतो. खाणीवरचे काम बंद पडताच तो प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो आणि अखेर हाताची बोटे गमावून बसतो. ‘फकिरा’ लिहिणारी लेखणीच ही कथा लिहिते. मग कपाटात एकीला मान आणि दुसरीला मज्जाव, हा कोठला न्याय?

अर्थात प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाचे नसते. धाकट्यांना मी भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला फास्टर फेणे देत असे. भीमाची कथा मोठ्या मुलांना मी स्वतः वाचून दाखवी. एकदा ती संपल्यावर एक मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, माझा दादाही मुंबईस आहे. त्याचं काम बंद पडलं, तर तो आम्हांला कळवील का?” मी त्याला दादास पत्र लिहावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने चार पाने लिहून आणली.

मुलांनो, अशी पुस्तके तुमच्या ग्रंथालयात आहेत का, ते पाहा. नसतील, तर आपल्या शिक्षकांकडे मागा.